मामांच्या खुर्चीची काळी वायर

८ जुलै
मामा पडले! बॅटरीच्या खुर्चीसकट! बटण दाबलं, वेगाचा नॉब फिरवायच्या आधीच खुर्ची अंगणातून सुसाट – थेट गोठ्यातल्या गव्हाणीवर. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला. अर्धं अंग गेल्यापासून मामांना, म्हणजे सासरेबुवांना, ही खुर्ची आहे आणि आम्हा बायकांच्या पायांना सुख नाही. मुद्दाम पायावर घालतात. वर "दिसत न्हाई का?" हेही आम्हालाच. पडले ते बरंच झालं.

९ जुलै
मामा खाटेवर. तिथूनच शिव्या. गेवराईचा मिस्त्री आला, स्पीड कंट्रोलर – वेग सांभाळणारा डबा – गेलाय म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. मी म्हणाले, मी बघते. फोनवर व्हिडिओ बघून थोडंफार येतं.
"तू? मिक्सर तरी लावता येतो का धड?" मग स्वतःच म्हणाले, "चालू करून दाव. मग जा तुज्या त्या आयटीआयला. सुंदररावाचा शब्द हाय."
लग्नापासून मागतेय मी हे! प्रवेश वीस तारखेपर्यंतच आहे.
आत्या चुलीपुढून म्हणाल्या, "कावून त्या भानगडीत पडतीस?" सासूच ती. माझं बरं झालेलं बघवायचं नाही.

११ जुलै
बॅटरी ठीक. मोटारही ठीक.

१२ जुलै
मीटरची पिन चुकीच्या भोकात घातली. फ्यूज उडाला. आत्या हसल्या. चांगल्या मोठ्यानं!

१४ जुलै
नॉब शून्यावर, तरी मोटारला पूर्ण चोवीस व्होल्ट! कंट्रोलर उघडला. काही जळलेलं नाही, वासही नाही. उगाच दोन जोडांना पुन्हा सोल्डरिंगचा डाग दिला आणि बोट भाजून घेतलं. यांना म्हटलं, जरा टॉर्च धरा. "थांब की," म्हणाले, फोनमधून मान वर न करता. अजून थांबलेच आहे.

१६ जुलै
सापडलं! कंट्रोलर बिचारा चांगलाच होता. नॉबकडून त्याच्याकडे तीन वायरी जातात. एकेक सोडून बघितली. लाल सुटली की खुर्ची मेल्यासारखी गप्प. काळी सुटली तरी तशीच सुसाट! हाताखालच्या दांडीत काळीच तुटलेली निघाली, अगदी सरळ. आत्यांना दाखवली.
"उंदीर असंल," म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. फारच नीटनेटका उंदीर!
डाग दिला, टेप गुंडाळली, नॉब फिरवला. खुर्ची मुंगीसारखी हलली, मग जरा जोरात, मग पुन्हा हळू. मला रडूच आलं. मी केलं हे. मी!

१८ जुलै
सकाळी मामा गावातून मिरवून आले. खुशीत होते, म्हणून विचारलं – उद्या गेवराईला जाऊ ना प्रवेशाला?
"माजी सून पोरांत बसून वायरी जोडणार? लोक थुकतेल तोंडावर."
"मामा, तुमी शब्द दिलता."
"खुर्ची बंद होती तवा दिलता."
हे समोरच बसले होते. फोनमधलं डोकं वर नाही. नवरा म्हणायचं याला!
संध्याकाळी चहा गार झाला म्हणून मामांनी आत्यांच्या पायावर खुर्ची घातली. पूर्वी सुसाट यायचे आणि निघून जायचे. आज नॉब धरून हळूहळू चढवली आणि पायावरच थांबवली. आत्या ओरडल्यासुद्धा नाहीत. खुर्ची जिथे थांबवायची म्हटलं तिथे थांबते पुन्हा. मीच केलीय तशी.

१९ जुलै
आत्यांचा पाय बांधत होते. हळूच म्हणाल्या, "उंदीर न्हाई गं. मीच कापलती, विळीनं. ते खाटंवर व्हते तेवढे दिस लई सुखानं जेवले. तू कावून जोडलीस?"
पट्टीची गाठ मारली.
उठले. माझं वायर कापायचं कटर आणून त्यांच्या हातात दिलं.
"काळी नाही, आत्या. लाल."