रस्ता? मोकळा.

१ डिसेंबर

आज सहवैमानिक म्हणून रुजू झालो. खांद्यावर दोन सोनेरी पट्ट्या, वय बेचाळीस. उडायला शिकताना बरोबरची पोरं मला काका म्हणायची, म्हणोत. लेखी पेपर मी एकाही क्लासची पायरी न चढता काढले, तिसगावच्या माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, तांब्याच्या तारेची भेंडोळी बाजूला सारून. उडायला मात्र शिकवणारा लागतो, तेवढं मान्य करतो.

आमचा बेस म्हणजे काकडी गावचा विमानतळ. बेस म्हणजे वैमानिकाची हजेरीची जागा. विमान तिथून निघतं नि आपण तिथं पोचायचं ते आपल्या जबाबदारीवर. बाकीच्यांनी जवळपास खोल्या घेतल्यात. मी घरून जाणार. तिसगाव, मिरी, घोडेगाव, सोनई, राहुरी आणि पुढे. गाडी माझी, इंजिन मी स्वतः उघडून बसवलेलं. झोप हा शिस्तीचा भाग आहे, अंतराचा नाही.

माझे कॅप्टन भागवतसाहेब, पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. घरून येणार म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, इथंच खोली बघा. मी हसून टाळलं. आईला विमानाचे फोटो दाखवले तर म्हणाली, एवढी बटनं! कुनाच्या बापाला ध्यानात राहत्यात?

५ डिसेंबर

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं लिहून ठेवतो. बटणं ध्यानात ठेवायचीच नसतात. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बघून उत्तर द्यायचं. दोन तोंडं लागतात. उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. आणि विमान कोण चालवतंय याबद्दल तर अजिबात संदिग्धता नको. देणारा म्हणतो, तुझ्या ताब्यात. घेणारा म्हणतो, माझ्या ताब्यात. देणारा पुन्हा म्हणतो, तुझ्या ताब्यात. मग हात सोडायचे.

कॉकपिटमध्ये हे इंग्रजीत चालतं. गाडीसाठी मी मराठीत बसवलंय. पट्टा? लावला. आरसे? बघितले. दिवे? चालू. रस्ता? मोकळा. सोनईच्या पुढे उसाचा पट्टा लागतो, तिथं हे पुन्हा म्हणतो. गळीत हंगाम आहे. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले, मागे रेडियमची पट्टी नाही, टेप मात्र कान फुटेस्तोवर.

आज आई अंगणातून ऐकत होती. म्हणाली, आरं, इमानात तरी दुसरा हाय, हितं एकलाच बडबडतु व्हय? रेश्मा सासूला म्हणाली, आत्याबाई, घरातली बोलायची हौस ते गाडीतच फेडतात. सुकन्या खो खो हसली. तिला शाळेत बाबांचं विमान दाखवायचंय म्हणे. तिघींनाही माझ्याच विमानातून न्यायचं ठरवलंय, नवीन वर्षात.

११ डिसेंबर

धुकं. उसाच्या पट्ट्यातल्या वळणाआधी विचारलं, रस्ता? तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून उत्तर आलं, मोकळा.

स्वच्छ, तरुण, जरा उतावळा आवाज. मागे फक्त माझी बॅग.

आणि रस्ता मोकळा नव्हता. समोर ट्रॉली. ब्रेकवर उभाच राहिलो. उसाची टोकं बॉनेटला टेकली.

कारण लिहितो : अर्धवट झोप. आपणच उत्तर दिलं असणार. आजपासून दुपारची झोप वाढवणे.

१६ डिसेंबर

पुन्हा झालं. त्याच वळणावर. मोकळा म्हणाला, आणि पुन्हा ट्रॉली.

भागवतसाहेबांना आडून विचारलं, तो रस्ता कसा आहे. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, तुमच्या आधी करण होता. तोही घरून यायचा, घोडेगावाहून. गुणी पोरगा, पण थकलो म्हणण्यात त्याला कमीपणा वाटायचा. अंथरुणापेक्षा स्टिअरिंगवर जास्त झोपतो अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो. मागच्या हंगामात त्याच वळणावर ट्रॉलीखाली गेला. रस्त्यावर ब्रेकची खूणच नव्हती. त्याला ट्रॉली दिसलीच नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, दमला असाल तर तसं लिहून द्या, कुणी खाणार नाही तुम्हाला.

मी म्हणालो, मी दमत नाही.

खरं सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. आवाज ऐकू येतात असं डॉक्टरच्या कानावर गेलं की वैद्यकीय दाखला रद्द. विशीतला पोरगा पुन्हा उभा राहील. मी नाही. मला परत मोटारी रिवाइंड कराव्या लागतील, आणि काका म्हणणारी पोरं वरून उडत जातील.

२२ डिसेंबर

प्रश्न विचारणंच बंद केलं. प्रश्न नाही तर उत्तर नाही.

आता तो विचारतो.

पट्टा? — मागून. आणि माझ्या तोंडून निघून जातं, लावला. शिकतानापासूनची सवय, प्रश्न हवेत लोंबकळत ठेवता येत नाही. आरशात बघत नाही. रेश्मा म्हणते, चेहरा कसा झालाय तुमचा, बघा ना खोली. मी तिच्यावर ओरडलो. सुकन्या आत गेली.

२७ डिसेंबर

चूक केली. क्रमानं, नीट लिहितो.

डोळे उघडे राहत नव्हते. थांबलो तर हजेरी चुकणार होती. चौथ्या आठवड्यात उशीर — ते मला जमणारं नव्हतं. वळणाआधी, थट्टेत म्हणा, म्हणालो —

तुझ्या ताब्यात.

मागून लगेच : माझ्या ताब्यात.

आणि मी, नियमाप्रमाणे, पुन्हा : तुझ्या ताब्यात.

त्यानंतर एकदम विमानतळाचं फाटक. मधला रस्ता नाही. राहुरी नाही, काही नाही. हात मांडीवर होते.

उतरण्यापूर्वी मोठ्यानं म्हणालो, माझ्या ताब्यात. पुन्हा म्हणालो. उत्तर आलं नाही. समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय ताबा परत येत नाही. हे मीच या वहीत लिहून ठेवलंय.

३० डिसेंबर

उतरताना भागवतसाहेबांनी विमान माझ्याकडे दिलं. आमच्या मागे निरीक्षकाची घडीची खुर्ची असते. रिकामी होती. तिथून, माझ्या आधी, मराठीत —

माझ्या ताब्यात.

हात माझे. जोर माझा नाही. धावपट्टी जवळ आली. मागून : मोकळा. मलाही मोकळीच दिसली.

साहेबांनी ताबा हिसकावून घेतला नि विमान वर खेचलं. धावपट्टीवर तपासणीची जीप होती. पिवळी, भलीमोठी. सत्तर माणसं मागे.

अहवालात चूक जीपची लिहिली गेली. नंतर ते हळूच म्हणाले, गोरक्षनाथ, तुम्ही मराठीत काय म्हणत होतात, मोकळा मोकळा?

२ जानेवारी

तिकिटं आधीच काढलेली. उद्या. माझ्याच विमानात. आईनं नवीन लुगडं काढून ठेवलंय. विचारते, वर गेल्यावर पानी पिऊ देत्यात का? सुकन्यानं खिडकी मागितलीय.

रद्द करा म्हणालो तर रेश्मा रडली. तुम्हाला आमची लाज वाटते का, म्हणाली. कारण सांगू शकलो नाही. त्या तिघी पहाटेच माझ्या भावाच्या गाडीनं पुढे जाणार. मी मागून.

३ जानेवारी

वळणाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद. किल्ली खिशात. हँडब्रेक ओढलेला. वही मांडीवर.

भागवतसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. आवाज, ताबा, जीप, सगळं. मला विमानात बसवू नका म्हणालो. ते म्हणाले, शाबास. तिथंच थांबा, मी गाडी पाठवतो. तुमच्या माणसांना मी स्वतः नेऊन आणतो. फोन ठेवल्यावर मी खूप रडलो. पण हलकं वाटलं. सुकन्याला खिडकी मिळेल.

पट्ट्या शर्टवरून काढून डॅशबोर्डवर ठेवल्या.

पट्टा? —

मागून. तोंडून गेलं, लावला. बघतो तर खरंच लावलेला. मी काढला होता. सुटत नाही —

आरसे? — उत्तर देणार नाही. दात घट्ट धरलेत.

दिवे? —

ऊस हलतोय. वारा नाही. ऊस मागे सरकतोय. किल्ली माझ्या खिशात आहे, हाताला लागतेय, थंड —

माझ्या ताब्यात. माझ्या ताब्यात. ओरडतोय. उत्तर देत नाही —

वळण. समोर डबल ट्रॉली, मला दिसतेय, या वेळी मला दिसतेय. ब्रेक खाली जात नाही. तो विचारतोय, रस्ता?

लिहितोय, मोकळा

हे मी लिहिलं नाही. खोडलं. ट्रॉली आहे. समोर मोकळा

हात माझा नाही. रेश्मा, समोर ट्रॉ मोकळा रस्ता मोक