पायाचं ऑपरेशन

३ ऑगस्ट, कुळगाव-बदलापूर
मला घरी आणलं. डाव्या पायाची रक्तवाहिनी बंद पडलेली, म्हणून जांघेपासून गुडघ्यापर्यंत कृत्रिम नळी टाकलीय. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "पायाचं ऑपरेशन." आज नऊ जण आले, नऊही जणांनी अंगठा बघून मान हलवली. मोठी जखम जांघेत. तो अवयव कुळगावात कुणाला नसतोच.

५ ऑगस्ट
जांघेतून पाण्यासारखं गळतंय. चादर ओली. ह्यांना सांगितलं. "घाम असेल गं, पंखा वाढवतो." वाढवला. थोर उपचार.

८ ऑगस्ट
तपासणी, उल्हासनगर. डॉक्टर भाच्याच्या वयाचा. "पाय काय म्हणतो, काकी?" घोट्याला यंत्र लावलं, ठोके वाजले, स्वारी खूश. "फर्स्ट क्लास." जखम? "टाके पुढच्या वेळी बघू." पडदा अर्धाच. पलीकडे हे आणि भावोजी.
"थोडं वर ओलं होतंय," मी.
"वर म्हणजे?"
भावोजी छत बघायला लागले.
"म्हणजे... वर."
त्याने गुडघा बघितला. गुडघा उत्तम आहे.
वीस वर्षं दिवाळी अंकांत विनोदी लेख लिहून पुढाऱ्यांची धोतरं फेडतेय. स्वतःची जांघ तोंडातून निघेना. थू.

११ ऑगस्ट
ताप. टाका उसवला, पू, वास. सासूबाई, हळू आवाजात: "हळद भर. चारचौघांत दाखवायची जागा आहे का ती?" हॉस्पिटलला फोन केला. तिकडची मुलगी: "पायाचं ना? उद्या ओपीडीत या."
"पायाचं नाही. जांघेचं. जांघेतली जखम फुटलीय, आत नळी आहे."
मोठ्यानेच बोलले. हॉलमध्ये भावोजी, शेजारच्या वहिनी, चहाचे कप.
"आत्ता निघा," मुलगी म्हणाली.

१२ ऑगस्ट, वॉर्ड
मोठे डॉक्टर आले, पडदा पूर्ण ओढून बघितलं. उद्या सकाळी जखम उघडून धुणार. पू नळीपर्यंत गेला असेल तर नळी काढायची. मग पाय राहील की...
"आधी का नाही सांगितलंत?"
"आधी का नाही बघितलंत?"
त्यांनी पेन पुढे केलं.
संमतीच्या कागदावर 'पायाची जखम'. खोडायला लावलं, 'डावी जांघ' लिहून घेतलं, मग सही.
सासूबाईंचा फोन. "वहिनी विचारतायत, कशाचं ऑपरेशन म्हणून सांगू?"
"जांघेचं सांगा, आई. पायाचं उद्या कळेल."