नारळावर तोललेला मॉनिटर

३ ऑगस्ट, रविवार
निर्णय झाला. मॉनिटर आर्म घ्यायचा. टेबलाला बसवलेला लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला स्क्रीन, अगदी डोळ्यांच्या रेषेत. गेलं वर्षभर माझं काम मागे पडतंय ते मानेमुळेच, हे आज एक व्हिडिओ बघताना स्पष्ट झालं. व्हिडिओ लांबलचक होता, दुपार त्यात गेली. पण ती गुंतवणूक समजायची.

मृणाली मॅडमनी गावातून काम करायची परवानगी गणपतीपर्यंत दिली आहे. २६ तारखेला मी क्लायंटला डेमो द्यायचा. तो नीट झाला तर काशीद कायमचं, नाहीतर पुन्हा ऐरोलीचं ऑफिस आणि पीजीची खोली. डेमो होणारच. आधी आर्म.

विनिताला सांगितलं. बायको या नात्याने तिला आनंद व्हायला हवा होता. तिने विचारलं, मॉनिटरखाली दोन जाड पुस्तकं ठेवली तर चालणार नाही का? आमच्या घरच्या होमस्टेची सगळी बुकिंगं ती ओट्यापाशी उभी राहून मोबाइलवर घेते, एका हाताने पोळी उलटत. तिला एर्गोनॉमिक्स समजावण्यात अर्थ नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
दिवसभर संशोधन. साधा आर्म की गॅस स्प्रिंगचा? गॅस स्प्रिंग. त्यातही सर्वांत दणकट. माझ्या मॉनिटरच्या दुप्पट वजनाचा मॉनिटर पेलतो म्हणे. प्रमोशननंतर मोठा स्क्रीन घेणारच आहे, तेव्हा आत्ताच दूरदृष्टी ठेवलेली बरी.

सकाळची मीटिंग हुकली. नेटवर्क नव्हतं असं कळवलं. काशीदला नेटवर्क जातं हे मॅडमना माहीत आहे. गावात राहण्याचे असेही फायदे असतात.

९ ऑगस्ट, शनिवार
आर्म आला. कुरिअरवाल्याने फाट्यावर सोडला, मी पावसात जाऊन आणला. खोकं उघडलं. सगळे भाग जड, काळे, देखणे. सोबत एक पुस्तिका होती, ती खोक्यातच राहू दिली. डोकं चालवणाऱ्या माणसाला पुस्तिका लागत नाही. खोकं आईने कांदे ठेवायला नेलं.

एक अडचण. होमस्टेची टेबलं प्लास्टिकची, आर्म लावला तर वाकतील. माझं प्लायवूडचं टेबल खाऱ्या हवेने कडेला फुगलंय. भक्कम टेबल घरात एकच आहे. गणपतीचं.

११ ऑगस्ट, सोमवार
बाबांशी बोललो. हे टेबल म्हणजे आजोबांच्या मचव्याची, त्यांच्या शिडाच्या होडीची फळी, खाली पाय ठोकलेले. त्या मचव्यातून आजोबा मिठागरातलं मीठ मुंबईला न्यायचे. मचवा मोडला तेव्हा एवढी एक फळी ठेवली आणि तेव्हापासून गणपती तिच्यावरच बसतो. एरवी तिच्यावर चहाचा कपसुद्धा ठेवायचा नाही, असा बाबांचा नियम. मी त्यांना डेमोचं सांगितलं, माझं इथे राहणं यावर आहे हेही सांगितलं. त्यांनी फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, गणपती यायच्या आदल्या सांजंला टेबल मोकलं पायजे.

डेमो त्याच दुपारी आहे. काम झालं की लगेच सोडतो, म्हटलं. दोन्ही गोष्टी किती छान जुळतात.

१३ ऑगस्ट, बुधवार
आर्मचा क्लॅम्प, म्हणजे टेबलाची कड पकडणारा चाप, फळीवर चढत नाही. फळी फारच जाड. चूक फळीची, आर्मची नाही.

या आर्मला दुसरीही सोय आहे: टेबलाला भोक पाडून खालून बोल्ट घट्ट करायचा. बाबा मुरूडला बाजाराला गेले होते. ते यायची वाट बघणार होतो, पण शेजारच्या सुजितचं ड्रिल मशीन आजच मोकळं होतं. लाकडातून धूर निघाला, पडवीभर जुन्या तेलाचा वास सुटला. शेवटी भोक आरपार गेलं. सुबक आहे. एवढ्याशा भोकाने गणपतीला काय फरक पडतो?

बाबांनी संध्याकाळी बघितलं. भोकात बोट घातलं.  जेवून हात धुताना म्हणाले, "त्या फलीत समिंदर शिरला न्हाय कदी. तू शिरलास."

यात थोडं कौतुक होतं असं मला वाटतं. विनिताला तसं वाटत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
सुट्टी. होमस्टे भरलेलं, आई आणि विनिता पहाटेपासून स्वयंपाकात. मी आर्म बसवला.

मॉनिटर लावून हात सोडला. मॉनिटर वर गेला. खाली ओढला, पुन्हा वर गेला, सावकाश आणि ठामपणे. आर्ममध्ये जोर जास्त आणि मॉनिटर हलका. तरीही मी डगमगलो नाही. नारळी पौर्णिमेचे नारळ कोपऱ्यात पडलेले होते. एक मोठा निवडून जाळीच्या पिशवीत घातला आणि मॉनिटरच्या पाठीला बांधला. मॉनिटर जिथल्या तिथे थांबला.

हे मला पुस्तिकेत सापडलं नसतं. पुण्याच्या पाहुण्यांनी फोटो काढले. विनिता म्हणाली, पाहुण्यांना पाणी नेऊन द्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार
मान सरळ. नजर सरळ. मॅडमनी डेमो कुठवर आला ते विचारलं. सेटअपचा टप्पा पूर्ण झाला आहे, असं लिहिलं. खोटं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
सगळ्या वायरी आर्मच्या पोटातून नेल्या. आता एकही वायर दिसत नाही. अशा टेबलावर बसलं की काम आपोआप होतं. उद्यापासून डेमो.

२४ ऑगस्ट, रविवार
वेबकॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर बसवला. उद्यापासून डेमो.

२५ ऑगस्ट, सोमवार
डेमोची पहिली दोन पानं जवळजवळ तयार. उरलेलं बोलून निभावता येतं. बोलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळ
जे झालं ते शांतपणे लिहितो.

डेमोआधी मी शर्ट बदलायला आत गेलो. तेवढ्यात आई पडवीत आली. उद्याच्या मोदकांच्या सारणाला तिला एक नारळ कमी पडत होता. माझ्या मॉनिटरला बांधलेला नारळ सोडून ती खोवायला घेऊन गेली. मला कळलं नाही, कारण नारळ मागच्या बाजूला असतो.

मी बसलो. मॉनिटर वर गेलेला दिसला, तो खाली ओढून धरला. क्लायंट आला, मॅडम आल्या, ऑफिसमधले आणखी काही लोक आले. मी हात सोडून नमस्कार केला आणि मॉनिटर वर जाऊ लागला. दाबून धरला. पण माउसला हात हवा होता, म्हणून सोडला. आधी माझं कपाळ दिसलं, मग केस, मग पडवीतली दोरी, तिच्यावर पाहुण्यांचे टॉवेल आणि बाबांची लंगोटी. मी उठून उभा राहिलो. मॉनिटर आणखी वर गेला. मग स्टुलावर चढून बोललो. डेमोचं तिसरं पान उघडलं नाही, ते नव्हतंच. क्लायंटने अदबीने विचारलं, तुम्ही बोटीवर आहात का?

स्वयंपाकघरातून नारळ खोवल्याचा आवाज येत होता.

एकंदरीत मी प्रसंग सावरला. बोलण्याचा प्रभाव पडला असावा, कारण नंतर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

सांजेच्या आत टेबल मोकळं केलं. दिलेला शब्द पाळला.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसला. भोक बरोबर मूर्तीच्या पाठीमागे आलं. बाबांनी माझ्याकडे न बघता आरासीच्या दिव्यांची वायर त्यातून खाली सोडली. आलेला प्रत्येक जण म्हणाला, यंदा वायर दिसत नाही, छान केलंत. बाबा म्हणाले, पोराने केलं. मी दिवसभर तेच आठवत होतो.

मोदक उत्तम झाले होते. मी जरा कमीच खाल्ले.

४ सप्टेंबर, गुरुवार
मॅडमचा मेल. ८ तारखेपासून रोज ऑफिसला यायचं. कारण: ठरलेल्या एकाही तारखेला काम पूर्ण झालं नाही. नारळाचा उल्लेखही नाही. म्हणजे मुद्दा त्यांच्या लक्षातच आलेला नाही. उत्तरात सगळं सविस्तर समजावणार होतो. विनिता म्हणाली, नका.

७ सप्टेंबर, रविवार
गणपती गेले, टेबल पडवीत परत आलं. मी आर्म आणि मॉनिटर पुन्हा चढवला; मॉनिटर पुन्हा वर गेला. आईने कांद्याचं खोकं रिकामं केलं, तर तळाशी पुस्तिका आणि एक वाकडी चावी. विनिताने जमिनीवर बसून पुस्तिका वाचली. मॉनिटर हलका असेल तर अमुक स्क्रू या चावीने सैल करावा, असं त्यात चित्रासकट आहे. तिने स्क्रू थोडा फिरवला. मॉनिटर थांबला. वर नाही, खाली नाही. नारळाशिवाय.

उद्यापासून होमस्टेची बुकिंगं ती या स्क्रीनवर घेणार आहे. बाबांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. चहाचा कपही ठेवू दिला. मला जन्मात ठेवू दिला नव्हता.

मी बॅग भरत होतो. तिने दारात उभं राहून विचारलं, "तुम्हाला इथं राहायचं होतं, की नुसतं टेबल मांडायचं होतं?"

मला राहायचं होतं. फार राहायचं होतं. पण तेव्हा माझी मान नेमकी अवघडलेली होती आणि अशा अवस्थेत माणसाने महत्त्वाचं काही बोलू नये, म्हणून बोललो नाही.

पीजीच्या मालकाला फोन केला. खोलीत टेबल नाही, फक्त गादी आहे. गादीला लावायचा आर्म मिळतो का, ते आज जाता जाता बघायचं. बसमध्ये वेळ असतोच. फक्त नेटवर्क हवं.