द्रावण कसं ठेवायचं

दि. ९ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुला, आणि खिडकीशी मांडलेल्या तुझ्या त्या नव्या बर्नरलाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी दारातच उभी राहिले. सात वर्षांत आलेली तुझी पत्रं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एकही दोन ओळींच्या वर गेलेलं नाही. हे तर चांगलं पानभर! तू पुन्हा काचेचे मणी करायला लागलीस हे वाचून फार बरं वाटलं. तुझा पहिला मणी आठवतो का? बटाट्यासारखा झाला होता, आणि तू हमसून हमसून रडत होतीस. बाबा म्हणाले होते, "रडू नकोस, बटाट्याच्या माळेलाही गिऱ्हाईक मिळेल."

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. जवळचं दिसत नाही म्हणून चष्मा लागला, आणि तो शोधायला दुसरा लागेल अशी गत आहे. कामाच्या खोलीची मागची खिडकी बदलून घेतली. मणी अजून करते, चकचकीतच. धुरकट मणी त्यानंतर केले नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, मी म्हणते, जमत नाही.

आता तू विचारलंस त्याबद्दल. "मणी धुरकट करायचं ते द्रावण कसं वापरायचं आणि कसं ठेवायचं, सविस्तर लिही. आपल्याकडे ते काम मास्तर करायचे, मी कधी हात लावला नाही." सात वर्षांनी तुझ्या हातून 'मास्तर' हा शब्द आला. इतके दिवस 'तो माणूस' असायचा. ती ओळ मी किती वेळा वाचली, ते सांगत नाही.

शाळेतली चित्रकलेची मास्तरकी सोडून तुझा नवरा आपल्या कामात आला, तेव्हा हे मीच त्याला शिकवलं होतं. त्यामुळे सगळं पाठ आहे. ऐक.

मणी साबणाने धू, वाळव, आणि मग बोट लावू नकोस. बोटाचा तेलकटपणा राहिला, तर तेवढाच ठिपका चकचकीत राहतो. नायलॉनच्या दोऱ्यात सैल ओव, मणी मण्याला चिकटता कामा नये. भांडं प्लास्टिकचंच. जे मण्याची काच खातं, ते बरणीची काच सोडेल होय? धातूचंही नको. कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांवर कामाचा चष्मा, खिडक्या सताड उघड्या. मोजे आधी फुगवून बघ. बारीकसं भोक दिसलं तरी फेकून दे. या द्रावणाचा थेंब अंगावर पडला तर कधीकधी लगेच झोंबतही नाही, हीच त्याची लबाडी. काही तासांनी कळतं, आणि तोवर ते आत पोचलेलं असतं. थेंब पडला की भरपूर पाण्याखाली धर आणि तडक डॉक्टरकडे जा. "बघू जरा" म्हणायचं नाही.

साधारण दहा मिनिटं बुडव, मधे एकदा माळ हलव. काढून साध्या पाण्यात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फसफस थांबेपर्यंत, मग पुन्हा वाहत्या पाण्यात. ओला मणी चकचकीतच दिसतो, तेव्हा घाबरून परत बुडवू नकोस. वाळला की त्यावर धुकं उतरतं. मास्तर म्हणायचे, "मणी आता डोळे मिटून बसलाय." उरलेलं द्रावण टाकायचं नाही, ते पुष्कळदा वापरता येतं. थंडीत तळाशी खडे धरले, तर डबा कोमट पाण्याच्या टबात ठेव. गॅसवर कधीही नाही.

ठेवायचं कसं, ते उद्या लिहिते. हात दुखायला लागला.

दि. १० मार्च

हात दुखत नव्हता.

ज्या डब्यात विकत आणशील त्याच डब्यात ठेव. झाकण रोज तपास. डबा खाली, कुलपाच्या कपाटात. खाण्यापिण्याच्या कुठल्याही भांड्यात, कपात, बाटलीत ते ओतायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिही. आणि त्याला 'पाणी' म्हणू नकोस. आपण म्हणायचो. "मास्तर, पाणी काढा." "पाणी झाकलं का?" दिवसभर त्या खोलीत तोच शब्द.

हे वाचून तू म्हणशील, ताई, हे मला का सांगतेस? बाबा कशाने गेले ते मला माहीत आहे. जिना चढून घामाघूम होऊन आले, टेबलावर पाण्याची बाटली दिसली, आणि नेहमीसारखी एका दमात तोंडाला लावली. दोन घोट गेल्यावर वरूनच ओरडले, "हे काय गं?" संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. हे तुला माहीत आहे. बाटली कोणी भरली, तेही आपल्याला माहीत आहे असं तुला वाटतं.

ठमे, ती बाटली मी भरली होती.

सकाळी डब्याचं झाकण तडकलेलं दिसलं. मास्तर तेव्हा पार्सल द्यायला गेले होते. द्रावण वाया जाऊ नये म्हणून मी ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. बाहेरून पुसलं. चिठ्ठी चिकटवायला कागद फाडला, पेन शोधत होते, तेवढ्यात निळ्या माळा न्यायला आलेल्या बाईची खालून हाक आली. पेन शोधायला लागला असता तेवढाही वेळ मी काढला नाही. "आले, आले," म्हणत खाली गेले. तिच्याशी हसतखेळत बोलत होते, आणि बाबा माझ्या शेजारूनच जिना चढून गेले. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "दमानं चढा."

मास्तर परत येत होते, त्यांनीच आधी आवाज ऐकला. बाबांना पाठीवर घेऊन तेच जिना उतरले.

पुढचं तुझ्यासमोर झालं. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक पॅसेजमधे चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, "हे द्रावण तुमच्याकडे कोण हाताळतं?" तू मास्तरांकडे बोट केलंस. चूक नव्हती तुझी, काम त्यांचंच होतं. आणि मास्तर म्हणाले, "मीच. काल रात्री मीच आवरलं होतं. मीच भरली असेल." 'भरली असेल' म्हणाले, ठमे. 'भरली' म्हणाले नाहीत. त्या माणसाने आणि तू तो 'असेल' ऐकलाच नाही. मी ऐकला. माझी दातखीळ बसली. पहिला दिवस त्यात गेला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तेराव्यानंतर सांगू. मग तू बॅग भरलीस, आणि जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून मी उभी आहे." त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते?

चौकशीत अपघात म्हणून नोंद झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही, असं लोक म्हणतात.

गेल्या महिन्यात मी मास्तरांकडे गेले. ते आता एका बाइंडरकडे वह्या शिवतात. त्या दुकानाच्याच मागच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे. केस पिकलेत, पण खांद्यांची ठेवण तीच. चहा दिला. मी पाणी मागितलं, तर उठून नळाखाली पेला धरला, हुंगला, स्वतः एक घोट घेतला, मग दुसरा पेला भरून माझ्या हातात दिला. खोलीत एकही बाटली नाही. तेलसुद्धा वाटीत काढून ठेवलेलं.

मी सांगितलं. एका दमात, जमिनीकडे बघत.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही ताई, तसं नाही. मला आठवतंय. डाव्या हातात बाटली होती, नरसाळं पिवळं होतं. ओतताना दोन थेंब टेबलावर पडले, ते मी फडक्याने पुसले."

मी म्हटलं, "मास्तर, आपल्याकडे पिवळं नरसाळं कधी नव्हतंच."

ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले. सात वर्षं, ठमे, तो माणूस रोज ती बाटली भरत होता. आठवत नव्हतं, म्हणून आठवून आठवून त्याने ती स्वतःच्या हातात आणून ठेवली. मग त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला, आणि ते रडले. मी याआधी पुरुषाला असं रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर वहीचा पुठ्ठा धरून.

मला वाटलं होतं, हाकलून देतील, हात उगारतील. मी त्या तयारीने गेले होते. थोडं सावरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंत?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग सांगू नका. ती कशीबशी उभी राहिलीये. मला दोष देऊन का होईना, उभी आहे ना? आता कळलं तर या सात वर्षांचं तिनं काय करायचं?"

निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "दमानं उतरा." मी कठडा धरून एकेक पायरी उतरले.

मी त्यांना शब्द दिला होता, सांगणार नाही म्हणून. आज तो मोडला. त्यांचा मी केलेला हा दुसरा घात म्हण. पण तुझं पत्र आलं, आणि त्यात 'मास्तर' लिहिलेलं होतं. तू ते द्रावण घरात आणणार, त्याचा डबा कपाटात ठेवणार, आणि दर वेळी झाकण लावताना मनात त्यांना शिव्या घालणार. ते मला बघवलं नसतं, इथे बसूनही.

माफी मागत नाही. मागितली, तर ती द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच. माझ्याच धाकट्या बहिणीचा मी बाप नेला, आणि त्याच दिवशी तिचा नवराही नेला. एक चुकीने झालं. दुसरं मी सात वर्षं रोज सकाळी उठून केलं.

आज ना उद्या तू दार लावून घेशील, घे. फोन उचलला नाहीस तरी चालेल. मण्यांचं काम मात्र सोडू नकोस, तुझा हात बाबांसारखा स्थिर आहे.

मास्तरांच्या खोलीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. एका ओळीचं जरी उत्तर लिहावंसं वाटलं, तरी ते मला पाठवू नकोस. त्यांना पाठव.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
ताई