तिघांतला चौथा

३ ऑगस्ट, रविवार

सगळ्यांच्या आधी उगवला तो यूनुस. माझी बॅग अजून दारातच, अन् हा खजुराचा डबा घेऊन उभा. रत्नागिरीचा आहे, माझ्या लेकाच्या, नीलेशच्याच बंदरातल्या टर्मिनलवर कामाला. बायको माहेरी गेली की जेवणाच्या वेळेला कुठंही हजर होतो, असं सूनबाई, स्वप्नाली, माझ्या कानात म्हणाली. त्याच्यामागून फरदीन आला. पाकिस्तानातला, लाजरा, मला माँजी म्हणतो. मग खालची एक बाई साखर मागायला आली, पण साखर निमित्त, मला बघायचं होतं. बघ बाई.

ही वही नातीनं दिली, केयानं. नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. आजी, राइट एव्हरीथिंग, म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, काय लिहिणार? पण आनंद एवढा झालाय की सांगायला माणसं पुरत नाहीत. सहा वर्षांनी लेकाच्या घरी आले, इथं आखातात. खिडकीतून एकीकडं समुद्र, दुसरीकडं फुजैऱ्याचे डोंगर. झाड नाही एक, नुसते भाजल्यासारखे.

६ ऑगस्ट

आता कळलं नीलेश, यूनुस अन् फरदीन हे तिघं रोज का जमतात. शिकारीला निघालेत, अमेरिकेत. एल्क म्हणतात त्याला, सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. उंच बर्फाच्या डोंगरावर राहतो. वाटाड्या नाही, आचारी नाही, सगळं आपलं आपण. बंदूकही नाही, धनुष्य! स्वप्नालीला पसंत नाही. तिनं विचारलं, बांगड्याचा काटा काढता येत नाही त्यांनी सांबर सोलायचं होय? यूनुसनं मान खाली घालून तिसरी पोळी घेतली.

पाठीवर वाळूची गोणी घेऊन नऊ मजले चढतात-उतरतात. वॉचमन मुझम्मिलनं विचारलं, घर बदलताय का. नीलेश रोज पिशवीचं वजन करतो. टूथब्रशचा दांडासुद्धा कापला, भार नको म्हणून. मी आमटी-भात शिजवून ओव्हनमध्ये वाळवून देते. गरम पाणी घातलं की झालं जेवण. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही माँजी, फरदीन म्हणाला.

मला एकच खटकतंय. जाणारे तिघं. तीन तिगाडा काम बिगाडा. आमच्याकडं तिघं कामाला निघाले की सोबत एक दगड घेतात, चौथा म्हणून. काम झालं की जिथून उचलला तिथं परत ठेवायचा. नीलेशला सांगितलं, तो हसला.

१६ ऑगस्ट, शनिवार

पहाटे त्यांच्याबरोबर वादीत गेले. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. ते चढायला गेले, मी थर्मास घेऊन सावलीत. तिथं दगडांचा लांबट ढीग होता, अन् एका टोकाला एक उभा दगड. नारळाएवढा, गुळगुळीत, बरा दिसला. ओचा धरून त्यात घातला. घरी आणून कुंकू लावलं. नाव ठेवलं दगडू. म्हटलं, बाबा, तू यांचा चौथा. यांच्यात मोजला जा, यांना सोडून कुठं जाऊ नकोस.

२२ ऑगस्ट

गंमत सांगते. दगडूचा गुण येतोय. तिघांना चहा सांगितला तर स्वप्नालीनं चार कप आणले. चौथा कोणाला, म्हटलं, तर तीच गोंधळली. म्हणाली, चारजण बसलेत असं वाटलं.

३० ऑगस्ट

एल्कची हाक शिकतायत, नळीतून फुंकायची. आधी रेड्यासारखी, मग वर चढत बारीक शिट्टीसारखी. संध्याकाळी तिघं गच्चीवर एकापाठोपाठ एक फुंकत होते. मी खाली स्वयंपाकघरात बोटावर मोजत होते. एक, दोन, तीन.

चौथी हाक घरातून आली. पिशव्या ठेवल्यात त्या खोलीतून.

केया म्हणाली, फोर, आजी. मी म्हटलं प्रतिध्वनी असेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तिघं गेले. दगडू मी गुपचूप नीलेशच्या पिशवीत खाली घातला होता. वजन करताना सापडला. स्वप्नाली वैतागली, नीलेश नाही. असू दे, म्हणाला, आईचा माणूस आहे. त्याच्या भारापायी मी विणलेला जाड स्वेटर मात्र काढून ठेवला. परत येऊन घालीन म्हणाला. पाया पडला. येतो आई, म्हणाला.

१५ सप्टेंबर

फरदीनची बायको नबिला आली होती. तिला कौतुकानं दगडूची गोष्ट सांगितली. तिचा घास हातातच राहिला. कुठला ढीग, कसा, परत परत विचारलं. माँजी, ती कबर आहे, म्हणाली. उभा दगड उशाचा. तिथं कोणी फार वर्षांपूर्वीचा मजूर आहे म्हणतात. कुठला, कोण, कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारायलाही आलं नाही.

अन् मी त्याला म्हटलं, यांच्यात मोजला जा.

१६ सप्टेंबर

नीलेशला निरोप धाडला, दगड टाकू नको, सांभाळून परत आण. निरोप पोचत नाही. डोंगरात फोन लागत नाही म्हणे.

वादीत जाऊन हात जोडले. जागा मोकळी आहे. डोक्याशी खड्डा.

२४ सप्टेंबर

यूनुसचा फोन. स्वप्नालीनं घेतला. फोन माझ्या हातात दिला.

नीलेश सापडत नाही.

३ ऑक्टोबर

हेलिकॉप्टर फिरलं. कुत्री फिरली. बर्फ थांबत नाही. स्वेटर माझ्या मांडीवर आहे. त्याला नाकाशी धरलं. नुसता लोकरीचा वास. घातलाच नव्हता त्यानं—

७ ऑक्टोबर

शोध थांबवला.

केया मला विचारते. मी काय—

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आले. यूनुस आणि फरदीन. दोघंच.

यूनुस सांगत होता. अचानक बर्फ, सगळं पांढरं. यूनुस पुढं, फरदीन मध्ये, नीलेश मागं. यूनुस घडीघडी वळून मोजायचा. मी, फरदीन, मागं एक. तिघं. चार तास चालले. एकदाही गणती कमी भरली नाही. खाली गाडीशी आले. मागं नुसती नीलेशची पिशवी. बर्फात उभी. ती कोणी आणली, दोघांनाही सांगता येईना.

एक कमी भरला असता तर हे मागं फिरले असते. तो तिथंच कुठंतरी बसला असेल— वाट बघत— स्वेटर नाही—

मीच सांगितलं होतं दगडूला. मोजला जा.

चहा दोघांना दिला. उष्टे कप तीन.

पिशवी अजून विमानतळावर आहे. शुक्रवारी आणून देतो म्हणाले. त्या दिवशी वसुबारस. दगड आत आहे का विचारलं. यूनुसनं बूट घालायला घेतले.

यूनुस म्हणाला, येतो आई. फरदीन म्हणाला, आते हैं माँजी. लिफ्टचं दार लागता लागता तिसरा बोलला. येतो आई. शुक्रवारी. आवाज माझ्या लेकाचा—

तो नव्हे, कळतंय मला. पण आवाज त्याचा होता.

घरात आता मी, स्वप्नाली, केया. तिघी. स्वप्नालीनं आताच पानं मांडली— चार— शुक्रवारी दार मी उघडीन—