लाल लोकरीची मूठ

पिएत्राफोंदा,
२ नोव्हेंबर १९७९, शुक्रवार.
सकाळचे सव्वासहा. रात्रीच्या ताटल्या उचलल्या, टेबल पुसलं आणि लिहायला बसलो आहे.

प्रिय फिओरेन्झाताई,

तू, आल्दो भावजी, ओरेस्ते आणि बाळ सगळे खुशाल असाल. आम्हीही बरे आहोत. तुझं सप्टेंबरचं पत्र आणि बाळाचा फोटो पोचला. आईने फोटो आरशाच्या चौकटीत खोचला आहे. बाळाचे कान पाहून ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

आज मृतांचा दिवस. आईने नेहमीप्रमाणे पहाटेच मला अंथरुणातून उठवलं आणि गादीवर धुतलेली चादर घातली. रात्रभर चालून घरी आलेल्या मृतांनी टेकायचं कुठे, हे तिचं ठरलेलं. मी म्हटलं, "आई, मेलेल्यांना थंडी वाजत नाही. मला वाजते."

"तुला काय, तू कुठेही पडशील," म्हणाली आणि शाल घेऊन चर्चला गेली. अजून आलेली नाही.

यंदा ऑलिव्हला माशी लागली, निम्मं पीक गेलं. नाझारेनोमामांची साखर वाढली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून ते चौकापलीकडे पाऊल टाकत नाहीत, पत्ते खेळायलासुद्धा नाही. आई रोज त्यांना जेवण नेऊन देते. माझं काम ठीक चाललं आहे. क्विरीनोमालक आता थडग्यांच्या दगडांवरची नावं पूर्णपणे माझ्यावर सोडतात, कारण माझं अक्षर चुकत नाही. शाळा पाचवीत सुटली तरी एवढं टिकलं. कागदावर चुकलं तर खोडता येतं, संगमरवरावर चुकलं की मेलेल्याच्या बायकोला तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून मी प्रत्येक नाव आधी तीनदा कागदावर लिहितो.

तू बाळाच्या नावाचं लिहिलंस. ओरेस्तेला तुझ्या सासऱ्यांचं नाव दिलं, आता रिवाजाप्रमाणे या दुसऱ्याला आपल्या वडिलांचं मिळायचं. पण ते तू ठेवणार नाहीस, फाबिआन ठेवणार, आणि बाप्तिस्मा आठ डिसेंबरला. वाचून मी काही म्हणणार नव्हतो. बोटीवर चढताना तू मला सांगितलं होतंस, "इवो, पत्रात सगळं लिहीत जा, त्या माणसाचं नाव तेवढं लिहू नकोस." बारा वर्षं मी ते लिहिलेलं नाही.

काल मी संग्रहालयात गेलो होतो.

तुला कळवलं होतं ना, मठात आता जोगिणी राहिल्या नाहीत, तिथे गेल्या उन्हाळ्यात रोमन वस्तूंचं संग्रहालय झालं. आपल्या शिवारातून निघालेलं सगळं तिथे मांडलं आहे. म्हणजे गावाने रात्री उकरून विकून टाकल्यावर जे उरलं, ते. काल सुट्टी होती, तिकीटही नव्हतं, आणि मालक मागे लागले होते की जुन्या कारागिरांची अक्षरं एकदा बघून ये.

दारात तुझ्या वर्गातली एर्सीलिया बसते, ती पुढे दात असलेली. आता संग्रहालयाची राखणदार आहे, टोपीसकट. मला पाहून म्हणाली, "कोण, इवो? अरे, सुट्टीच्या दिवशी तरी मेलेल्यांना सोड!"

"मालकांनी अक्षरं बघायला पाठवलंय."

"बघ. पण हात मागे बांधून बघ. तुझ्या मालकाने परवा सम्राटाचं नाक चाचपलं. अख्ख्या पुतळ्यात तेवढंच धड राहिलंय."

अक्षरं खरोखर सुंदर आहेत, ताई. उभी रेघ खाली येताना किंचित जाड होते, आणि दोन शब्दांमध्ये छोटा त्रिकोणी ठिपका. एका बाईच्या दगडावर कारागीर एक अक्षर विसरला आहे आणि मग त्याने ते दोन अक्षरांच्या वर बारीक करून बसवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला किती घाम फुटला असेल ते मला कळलं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

त्याच्या शेजारी एक आडवा दगड आहे, त्याला मधोमध भोक, भोकात शिशाची नळी. मी एर्सीलियाला विचारलं, हे कशाला?

"जेवायला. यातून वाइन ओतायची, दूध, मध. खाली थेट हाडांवर. मेलेल्याला भूक लागते असं त्यांना वाटायचं." मग हसली. "खुळेच. आणि संध्याकाळी घरी जाऊन मी माझ्या बापाची ताटली मांडणार आहे. बापाला मीठ जास्त लागायचं, ते विसरून चालत नाही."

नंतर काचेच्या बाटल्यांची खोली आहे, दिव्यांची आहे, नवराबायको हातात हात घालून बसलेले आहेत असा एक दगड आहे. त्यातल्या नवऱ्याचा चेहरा फुटला आहे आणि बायको त्याच्याकडे बघतेच आहे. हे सगळं मी तुला सविस्तर लिहू शकतो. पण मला शेवटच्या खोलीबद्दल लिहायचं आहे आणि मी मघापासून ते टाळतो आहे.

शेवटची खोली म्हणजे सिस्टर गाउदेन्झिआचा विणकामाचा वर्ग. खिडकी तीच आहे. फळ्याच्या जागी आता एक लांबट काचेचं कपाट आहे. त्यात रोमन काही नाही. एक गंजलेला दिवा, आणि एक लोखंडी सळई, माणसाहून उंच, जमिनीत खुपसून खाली पोकळी लागते का पाहतात ती. आपल्या गावात अशी सळई निम्म्या घरांत होती. खाली चिठ्ठी आहे, ती मी जशीच्या तशी उतरवून आणली: "थडगी लुटणाऱ्यांचं अवजार, विसाव्या शतकाचा मध्य. जुन्या फरसबंद रस्त्याकडेचं भुयारी थडगं. कोसळलेल्या छताखाली सापडलं."

ताई, सळईच्या मुठीला लोकर गुंडाळलेली आहे.

मातीचा रंग चढला आहे, पण गुंडाळीच्या आत जिथे उजेड गेला नाही तिथे अजून लाल दिसते. चार बोटं रुंद पट्टी. मधे एक टाका सुटून शिडी पडली आहे आणि शिडीच्या पायथ्याशी काळ्या दोऱ्याची गाठ मारलेली आहे. तू नऊ वर्षांची होतीस. सिस्टर गाउदेन्झिआने तुझा कान पिळून सगळी पट्टी उसवायला सांगितली आणि तू रडत घरी आलीस. तेव्हा बाबा म्हणाले, "उसवते कशाला? इकडे आण. रात्री माझा हात गारठतो." गाठ त्यांनीच मारली. हे मला तूच सांगितलंस, जेव्हा तू त्यांच्याबद्दल बोलायचीस तेव्हा.

ज्या खोलीत तू ती विणलीस त्याच खोलीत ती परत आली आहे.

मी पाच वर्षांचा होतो, मला माझं असं काही आठवत नाही. मला ठाऊक आहे ते मामांनी सांगितलेलं. त्यांनी बाबांना बेल्जियमच्या गाडीत बसवलं, खाणीत मजुरी मिळते म्हणून. गाडी हलताना बाबांनी सळई त्यांच्या हातात दिली, "तिकडे याचं काम नाही" म्हणाले, आणि मामांनी ती येताना तळ्यात फेकली. किती वेळा ऐकलं आहे आपण हे. मला तर ते पाणी उडालेलंसुद्धा दिसायचं.

मी काचेवर हात ठेवला, मुठीच्या उंचीवर. काचेत माझा हात दिसत होता आणि पलीकडे मूठ, आणि क्षणभर असं दिसलं की मुठीवर हात आहे.

"इवो! काय सांगितलं होतं?" एर्सीलिया दारातून ओरडली. मग जवळ आली. "काय रे? चेहरा चुन्यासारखा झालाय."

"या थडग्यात आणखी काय सापडलं?"

"बाहेरच्या खोलीत एवढंच. आतली खोली बंद आहे, तिचंही छत बसलंय. सरकारचे पैसे संपले. मार्चमध्ये उघडणार म्हणतात." ती आवाज खाली आणून म्हणाली, "हा दिवा आणि सळई टाकून जो कोणी पळाला ना, त्याला नंतर कधी झोप लागली असेल का?"

ती सळई टाकून कोणी पळालं नव्हतं, हे मला तिथेच कळलं होतं. पण कळणं आणि विचारणं यात घरापर्यंतचा रस्ता होता, आणि मी तो लांबून घेतला.

घरी आलो तेव्हा आई रात्री येणाऱ्या मृतांसाठी टेबल मांडत होती. पाण्याचा तांब्या, वालाची आमटी, पाव. आपल्या घरात मेलेली माणसं दोन, आजोबा आणि आजी. ताटल्या तीन. मी लहानपणी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तिसरी ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी." तुलाही तेच सांगितलं असेल. मी पुन्हा कधी विचारलं नाही. काल पहिल्यांदा मी तिचे हात बघत उभा राहिलो. पावाचा मऊ भाग तिने आजोबांच्या ताटलीत ठेवला, कारण त्यांना दात नव्हते. तिसऱ्या ताटलीत फक्त भाजकी कड, कापून, एकावर एक रचून.

मी म्हटलं, "आई, ज्याला कोणी नाही त्याला पावाची कडच आवडते, हे तुला कसं ठाऊक?"

तिने सुरी खाली ठेवली. "संग्रहालयात गेला होतास."

"हो."

"लोकर आहे का अजून?"

ताई, ती गेलेली नाही कधी तिथे. मी तिला अजून काही सांगितलेलंही नव्हतं.

ती बसली आणि बोलली, टेबलाकडे बघत. मी तिचेच शब्द लिहितो. "पहाटे नाझारेनो दारात आला. मानेपर्यंत माती. नखं नव्हती त्याला, रात्रभर हातांनी उकरत होता. मी विचारलं, तो कुठाय? त्याला बोलता येईना. मी त्याला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं आणि सांगितलं, नीट ऐक, तू त्याला गाडीत बसवून आलास."

"तू सांगितलंस? मामांनी नाही?"

"त्याला कुठे सुचतं खोटं? सळईचं तळं तेवढं त्याने स्वतः घातलं, तेही वाईटच. पोलिस आले असते तर एक मातीखाली आणि एक तुरुंगात. तुम्हाला दोघांना कोणी खायला घातलं असतं?"

"आणि ताईला? तुझ्या बापाने तिकडे बाई ठेवली, असं नळावर पोरं तिला म्हणायची ते तू ऐकलं नव्हतंस?"

"मी बहिरी नव्हते." मग सुरी उचलून पुसत राहिली. "वाटलं, रागाने तरी ताठ उभी राहील. रडत बसली असती तर मला कोणी उभं केलं असतं? ती इतकी लांब जाईल हे नव्हतं वाटलं."

मी विचारलं, मामांना मार्चचं ठाऊक आहे का. ती म्हणाली, "म्हणूनच तर बाहेर पडत नाही." मग उठून तिने तिसऱ्या ताटलीतली कड पुन्हा सरळ रचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही तिला. मी केलं म्हणून लिही. नाझारेनोवर ढकलू नकोस."

म्हणून लिहितो आहे. ते तुला टाकून गेले नाहीत. बेल्जियम नाही, बाई नाही, काही नाही. आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहेत आणि त्या रात्रीही त्यांच्या हाताखाली तुझी पट्टी होती. मार्चमध्ये ते वर येतील. पेपरात येईल, एर्सीलिया गावभर सांगेल, मामांना बोलावतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं. सोमवारी मी एर्सीलियाकडे जाऊन सळई कोणाची ते सांगणार आहे. आई नको म्हणालेली नाही.

आणखी एक लिहू की नको, कळत नाही. मघाशी ताटल्या उचलल्या तेव्हा आमटीवर साय धरली होती, आजोबांचा पाव जागच्या जागी होता. तिसऱ्या ताटलीत कड नव्हती. चुराही नव्हता. उंदीर असेल. पण उंदीर मऊ पाव सोडून भाजकी कड कशाला नेईल? आई चर्चला जाण्याआधी टेबलाजवळ गेली नव्हती, मी बघत होतो.

मी ती ताटली अजून धुतलेली नाही.

आता माझी विनंती. पत्राला तीन आठवडे लागतात, म्हणजे आठ डिसेंबरच्या आधी तुझ्या हातात पडेल. फाबिआन चांगलं नाव आहे, मला आवडतं. तरी पुन्हा एकदा विचार कर. दुकानात मी एक दगड बाजूला काढून ठेवला आहे, आपल्याच डोंगरातला, पांढरा. इतर नावं मी आधी कागदावर तीनदा लिहितो, बाबांचं मात्र एकदाही लिहिलेलं नाही, कारण तुला शब्द दिला होता. तो आज शेवटच्या ओळीत मोडतो आहे. पण ते नाव आधी दगडावर जाऊ नये असं वाटतं. एकोणीस वर्षं ते कोणी मोठ्याने उच्चारलेलं नाही. आधी तू ते तिकडे हाक मारायला घे. पाळण्यापाशी, रागावताना, जेवायला बोलावताना. मग मी इकडे कोरीन.

आई आली. दारात उभी राहून ती तिसऱ्या ताटलीकडे बघते आहे. थांबतो.

तुझा भाऊ,
सेत्तिमिओंचा मुलगा,
इवो