वाटीवरचं तिसरं बोट

धामणगाव बढे
१२ फेब्रुवारी १९६३

प्रिय विमल,

तुझी आई वडनेरला तुझ्याकडे पोचल्याचं आमच्या गड्याने, कडूबाने सांगितलं. आमच्या घरी इतकी वर्षं राबून ती निरोप न घेता गेली. का, ते तुला कळलं असेल. पण तिने सगळं सांगितलं नसावं.

माझ्या आईच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी नाहीशी झाली, तेव्हापासून घरात जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघतो आहे. चोर कोण ते कळायला वाटी चालवू, असं आईनेच ठरवलं. सारवलेल्या जमिनीवर ज्वारीच्या ढिगल्या मांडल्या, घरात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची एक. मध्ये पालथी वाटी, तिच्यावर घरातल्या तिघींचं एकेक बोट. वाटी हलली, थबकली आणि तानुमावशीच्या, तुझ्या आईच्या, ढिगलीला टेकली. ती एवढंच म्हणाली, "वाटीलेबी गरिबाचंच घर सापडते!" आणि पदर खोचून निघाली.

मला वहिनीचा संशय आला. वहिनीला आईचा. दोघी देवाची शपथ घेऊन म्हणायच्या, मी नाही ढकलली.

काल मी हट्टाने वाटी पुन्हा मांडली, पण तिघींचे डोळे बांधून. बाबांना म्हटलं, गुपचूप काय हवं ते बदला, आम्हाला सांगू नका. त्यांनी मावशीची ढिगली उचलून तिथे आपली ठेवली. वाटी सरळ त्याच जागी गेली. बाबा खो खो हसले, "मंग चोर मीच व्हय काय वं?" आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

वाटीत देव असता तर तो बाबांपाशी गेला नसता. ढकलत आम्हीच होतो, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. वाटी निघाली की वाटतं, ओढतेय दुसरीच, आपण नुसत्या सोबत आहोत. तरी बोट काढवत नाही. तिघी मिळून जातोय, याचंच बळ चढतं.

हे मला कसं ठाऊक? तिसरं बोट माझं होतं, विमल. हे सगळं थोतांड आहे, असं दाखवायला मी बसले होते. वाटी मावशीकडे वळली, तेव्हा मनात आलं, घेतली असेलही तिने.

कडूबा म्हणतो, तुझ्या आईने माझं नाव तुझ्याजवळ काढलेलं नाही. म्हणून मीच कळवते आहे. एकदाणी अजून सापडलेली नाही, आणि ती सापडायची वाट मी बघणार नाही. रविवारी चावडीसमोर, साऱ्या गावादेखत, मावशीवरचा आळ पुसायला आम्ही तिघी पुन्हा बसणार आहोत. मावशीला बळजबरी करू नकोस. पण तू ये. डोळे तू बांध, ढिगल्या तू बदल. माझ्या हातावर आता माझाच भरवसा उरलेला नाही.

तुझीच, अजूनही म्हणू देशील तर,
सत्यभामा